हौशी ऑर्केस्ट्रा: पट्टी, तबला आणि घूं करणाऱ्या वायरी

गणपती दीड महिन्यावर आले की या सदराकडे हौशी ऑर्केस्ट्रावाल्यांची पत्रं सुरू होतात. यंदा त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत. गाणी बहुतेकांना छान येतात. घोळ होतो तो दोन गाण्यांच्या मधे. पट्टी बदलताना, वाद्य लावताना, वायर शोधताना.

आम्ही पाच वादक आहोत: कीबोर्ड, गिटार, बासरी, तबला-ढोलक आणि ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य). गायक तीन. 1960-70च्या काळातली हिंदी गाणी करतो. गाणं ओळखू येतं, पण पोकळ वाटतं. मूळ गाण्यातला व्हायोलिनचा ताफा कुठून आणायचा? (सांगली)

व्हायोलिनचं नंतर बघू. तुमच्या यादीत बेस नाही, पोकळपणा तिथूनच येतो. गाणी बसवताना तुम्ही ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असणार. त्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस गिटारचे खालचे सूर निघतच नाहीत, म्हणून कोणाला त्याची उणीवही जाणवत नाही. एकदा चांगला हेडफोन लावून तेच गाणं ऐका. खाली एक वेगळीच चाल चाललेली सापडेल.

बेसवाला मिळेपर्यंत कीबोर्ड दोन भागांत तोडा (स्प्लिट करा). मधल्या षड्जाच्या एक सप्तक खालपर्यंत डाव्या हाताला बेस, वर उजव्या हाताला स्ट्रिंग्ज (व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज). मग कॉर्डची जबाबदारी पूर्ण गिटारवर. यात नेहमी फसणारी जागा म्हणजे सूर लांबवणारं सस्टेन पेडल. ते दोन्ही भागांना लागू राहिलं तर बेसचे सूर एकात एक मिसळून चिखल होतो. पेडल फक्त उजव्या भागाला ठेवायची सोय बहुतेक कीबोर्डमध्ये असते, ती शोधा.

आता व्हायोलिन. स्ट्रिंग्जचा जो आवाज कीबोर्डवर पहिल्यांदा हाताला लागतो तो सहसा हळू उमलणारा असतो. लांब सुरांना तो शोभतो, पण जलद पीस त्यावर वाजवला की प्रत्येक सूर मागे राहिल्यासारखा वाटतो आणि तबलजी विनाकारण शिव्या खातो. जलद पीसला झटकन उठणारा आवाज निवडा आणि तीच ओळ दोन सप्तकांत एकदम वाजवा. त्या गाण्यापुरता बेस सोडला तरी चालेल.

गाण्याचा कागद करताना फक्त कॉर्ड लिहू नका. सुरुवातीचे बार किती, मुखडा किती वेळा, एम वन (पहिल्या अंतऱ्याआधीचा पीस) किती बारांचा, तो कोण वाजवणार, कुठे थांबणार, सगळं लिहा. केरव्याचं एक आवर्तन म्हणजे चार-चारचा एक बार, असं एकदा ठरवून घ्या, म्हणजे तबला आणि गिटार वेगवेगळं मोजणार नाहीत. गायकाच्या मागे हळू चालणारी प्रतिसुरावट हौशी मंडळी हमखास गाळतात. गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये लिहून वादकांपुढे ठेवत असत. त्या काळच्या गाण्यांचा भरलेपणा बराचसा तिच्यात आहे. ती बासरीला द्या. बासरीवाला पीस संपल्यावर नुसता बसून राहतो, ते बंद होईल.

साइड रिदमही (तबल्याच्या जोडीची छोटी तालवाद्यं) हवा. पंचमदांच्या (आर. डी. बर्मन) गाण्यांत अमृतराव काटकर रेसो-रेसो (घासून वाजवायचं वाद्य) वाजवत. तेवढी खरखर काढून टाकली तर गाणं अर्धं उतरतं. हे काम मोकळ्या बसलेल्या गायकाला देता येतं, मात्र ज्याची लय पक्की आहे त्यालाच.

गायिका आहे. गटातले पुरुष म्हणतात, ‘ओरिजिनल पट्टीतच गायचं, नाहीतर गाण्याची मजा जाते.’ वरच्या सुरांना माझा गळा ओढला जातो. कोणाचं बरोबर? (ठाणे)

गळा तुमचा, पट्टीही तुमची. मूळ पट्टी ही त्या दिवशी गाणाऱ्या गळ्याची सोय होती. शिवाय जुन्या ध्वनिमुद्रिकांत टेपचा वेग इकडेतिकडे होत असल्यामुळे पुष्कळ गाणी काळी एक आणि पांढरी दोन या पेटीच्या लागोपाठच्या पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लागतात. त्यांच्याबरोबर सराव करायचा असेल तर कीबोर्डवर ‘मास्टर ट्यून’ थोडं सरकवा आणि तालमीनंतर ते आठवणीने जागेवर आणा.

पट्टी ठरवताना बसून, हळू आवाजात गुणगुणू नका. उभं राहून, माइकवर, दोन-तीन गाणी झाल्यावर अंतऱ्यातला सगळ्यात वरचा ठेवायचा सूर घ्या. तो तीनदा लागोपाठ मोकळा आला तर पट्टी बरोबर. तिसऱ्यांदा चिरकला तर अर्धा सूर खाली या.

द्वंद्वगीतांत खरी पंचाईत होते. त्यांतली कित्येक गायिकेच्या पट्टीत बांधलेली असतात आणि पुरुषाला वर चढून गावं लागतं. असं गाणं एक सूर, म्हणजे दोन पट्ट्या, खाली आणलं तर बहुधा दोघांचं भागतं. तीन पट्ट्यांपेक्षा जास्त उतरवलं की बाईंचे मंद्रातले सूर माइकपर्यंत पोचत नाहीत.

पट्टी बदलली की कोणाकोणाला काय करावं लागतं तेही कळायला हवं. समजा पांढरी चारचं गाणं पांढरी दोनमध्ये आणलं. कीबोर्डवाला ट्रान्सपोज (पट्टी सरकवायची सोय) उणे तीन करतो, ऑक्टोपॅडला काही फरक नाही. बासरीवाला बासरीच बदलतो. काळी तीन मायनरचं गाणं पांढरी तीन मायनरला उतरलं तर गिटारच्या दुसऱ्या पडद्यावरचा कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) काढायचा, बोटं तीच. बेसवाल्याची मात्र गोची होते. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा सूर पांढरी तीन. त्याखाली गेलं की ती ओळ वरच्या सप्तकात घ्यावी लागते.

आणि ट्रान्सपोजचं बटण. पुढचं गाणं सुरू झालं, उणे तीन तसंच राहिलं, गायिकेने सुराला सूर मिळवला आणि दुसऱ्या ओळीला गिटार शिरली. हौशी कार्यक्रमात याहून मोठा अपघात नाही. प्रत्येक गाण्याचा आवाज, तोड आणि ट्रान्सपोज कीबोर्डच्या मेमरीत एकत्र साठवा, एक गाणं एक बटण. ते जमत नसेल तर गाणं संपताच गिटारवाल्याने ‘शून्य’ म्हणायचं आणि कीबोर्डवाल्याने उत्तर द्यायचं. निवेदक बोलत असताना हे सहज होतं.

प्रत्येक गाण्याची पट्टी वेगळी. तबला कितीदा लावणार? त्यात भाद्रपदातला पाऊस, मांडवात पान उतरतं. (नाशिक)

प्रत्येक गाण्याला तबला लावायचा हट्ट सोडा, तीन दायाँ (उजव्या हाताचे तबले) न्या. काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन. तबला षड्जालाच हवा असं नाही, पंचमाला किंवा मध्यमाला लावलेलाही चालतो. म्हणजे काळी एकचा तबला काळी एकच्या गाण्याला षड्ज देतो, काळी तीनच्या गाण्याला पंचम आणि काळी चारच्या गाण्याला मध्यम. त्याच हिशेबाने पांढरी दोनचा तबला पांढरी दोन, पांढरी पाच आणि पांढरी सहा सांभाळतो. काळी दोनचा तबला काळी दोन, काळी चार आणि काळी पाच. पुरुषांच्या आणि बायकांच्या बहुतेक नेहमीच्या पट्ट्या यात आल्या. पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी चार आणि पांढरी सात या चार राहतात. त्यांची गाणी एका पाठोपाठ ठेवा आणि तिथे ढोलक घ्या.

मध्यमाचा उपाय मात्र डोळे झाकून वापरू नका. गाण्यात तीव्र मध्यम असेल तर शुद्ध मध्यमाचा तबला त्याच्याशी भांडतो आणि गायकाला उगाच आपलंच चुकतंय असं वाटतं. तिथे पंचमाचा शोधा.

दमट हवेत कातडं ओल धरतं, सैल पडतं, सूर उतरतो. रंगमंचाच्या दिव्याखाली तेच कातडं तापून वर जातं. वाद्यं पिशवीतून थेट माइकपुढे आणली तर पहिल्या तीन गाण्यांत हे दोन्ही प्रकार बघायला मिळतील. अर्धा तास आधी ती बाहेर काढून, जिथे वाजवायची तिथेच, दिवे लावून ठेवा आणि मगच सूर मिळवा. मोठा फरक गठ्ठ्यांवर (बाजूचे लाकडी ठोकळे), बारीक फरक गजऱ्यावर (कातड्याच्या कडेची वेणी). न वाजणारे तबले झाकून ठेवा. लवकर सुकावं म्हणून बल्बखाली धरू नका, शाईला (कातड्यावरच्या काळ्या गोलाला) तडे जातात. पावसाळ्यासाठी नटबोल्टचा ढोलक बरा. पाना मात्र खिशात हवा, गाडीत नाही. सिंथेटिक पानाचा ढोलक सूर धरून ठेवतो, पण ठुमरीच्या अंगाच्या गाण्याला कोरडा वाटतो. लोकगीतं, लावणी, जोरकस गाणी यांना खपून जातो.

मागच्या दोन्ही कार्यक्रमांत कीबोर्ड चालू केला की घूं आवाज, आणि गायक पुढे सरकला की शिट्टी. साउंडवाला आमच्याकडे बोट दाखवतो, आम्ही त्याच्याकडे. (पुणे)

दोन वेगळे आजार आहेत. ‘घूं’ हा विजेच्या 50 हर्ट्झचा आवाज. कीबोर्डची वीज मांडवाच्या एका कोपऱ्यातून आणि मिक्सरची दुसऱ्या कोपऱ्यातून घेतली की दोन अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि त्या फरकाची वाट तुमच्या वायरीतून जाते. स्टेजवरची वीज मिक्सरच्याच लाइनवरून घ्या, दिव्यांची लाइन वेगळी ठेवा. कीबोर्ड आणि मिक्सरमध्ये डीआय बॉक्स (वाद्याची वायर माइकच्या वायरीला जोडून देणारी डबी) लावा, त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबला की घूं बहुतेकदा जातो. प्लगची अर्थिंगची पिन काढून आवाज बंद करणारे महाभाग आहेत. ओल्या मांडवात, लोखंडी माइक ओठाला लागलेला असताना, तो उपाय जिवावर बेतू शकतो. साउंडवाल्याने सुचवला तरी नको म्हणा. साधी जॅकची वायर पाच-सहा मीटरपर्यंतच ठेवा, पुढचं अंतर डीआयपासून माइकच्या वायरीने जाऊ द्या.

शिट्टी म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरणं. मुख्य स्पीकर गायकाच्या पुढे हवेत, मागे नाहीत. मॉनिटर (गायकाला स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) माइकच्या बरोबर पाठीकडे असावा, कारण नेहमीचा गाण्याचा माइक तिथूनच कमीत कमी ऐकतो. माइकची जाळी मुठीत धरायची फॅशन केली की माइक सगळीकडून ऐकायला लागतो आणि शिट्टी येते. यात साउंडवाल्याचा दोष शून्य.

भांडण टाळायचं असेल तर आठवडाभर आधी त्याला माइक-वायरींची यादी पाठवा. उदाहरणार्थ: गायक 3, निवेदक 1, तबल्याला 2, ढोलकला 2, साइड रिदम 1, ऑक्टोपॅड 2, दोन कीबोर्ड स्टिरिओ 4, गिटार 1, बेस 1. झाले 17. तो 16 चॅनलचा मिक्सर घेऊन आला तर कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी निवेदकाचा माइक काढून घेतला जातो. दोन्ही कीबोर्ड मोनो केले तर 15 मध्ये बसतं. उघड्या मांडवात स्टिरिओचा उपयोगही नसतो. डावीकडे बसलेल्याला उजवा स्पीकर कुठे ऐकू येतो?

सोसायटीच्या कोजागरीला किती गाणी घ्यावीत? दरवर्षी शेवटची चार राहून जातात. आणि परवाना लागतो का? (डोंबिवली)

गाणं पाच मिनिटांचं, निवेदन आणि बदलाबदल दीड मिनिटाची. 25 गाण्यांची साधारण 162 मिनिटं होतात, मध्यंतर वेगळं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000च्या नियमांनुसार उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धक बंद. वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्या वर्षीच्या यादीत तुमचा दिवस आहे का ते पोलीस ठाण्यात विचारा, परवानगीचा अर्जही तिथेच. साडेसातला सुरू करून दहाला थांबायचं तर हातात 150 मिनिटं. 20 गाण्यांना 130 आणि मध्यंतराला 15. तेव्हा 20च घ्या. यादीतलं शेवटचं गाणं सगळ्यांना हवंहवंसं असेल तर त्याला अठरावं करा. शेवटी असं ठेवा की राहिलं तरी कोणी रुसणार नाही.

दुसऱ्यांची गाणी जाहीर कार्यक्रमात प्रत्यक्ष वाजवायची तर शब्द आणि संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना लागतो. मध्यंतरात मूळ ध्वनिमुद्रिका लावल्या तर त्या मुद्रणाचा हक्क वेगळा, त्याचा परवानाही वेगळा. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, कोजागरीला त्या कलमाचा आधार नाही. आयोजक सोसायटी असेल तर परवाना कोणी काढायचा ते मानधन ठरवतानाच कागदावर घ्या. बिदागी मिळाल्यावर तो विषय कोणीच काढत नाही.