वाचकांचे प्रश्न : वन्यप्राण्यांची संख्या कुठे अडते?

प्रश्न : चारा, पाणी, निवारा, भक्षक, रोग असे संख्येला मर्यादा घालणारे अनेक घटक पुस्तकांत दिलेले असतात. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा कोणता?

त्या जागी, त्या ऋतूत जो सगळ्यांत तोकडा पडतो तो. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाचा किमानाचा नियम (सगळ्यांत तोकडा घटकच वाढ अडवतो) मुळात पिकांच्या पोषणाबद्दलचा, पण इथेही बराचसा लागू पडतो. रानात किडे मुबलक आहेत, पण जुनी पोकळ झाडं तोडली गेली आहेत, तर ढोलीत घरटं करणाऱ्या पक्ष्यांच्या जोड्या वाढत नाहीत. तिथे लाकडी पेट्या टांगल्या की वाढतात. मग पुढची अडचण आडवी येईपर्यंतच. म्हणून वर्षाची सरासरी पाहण्यापेक्षा वर्षातला सगळ्यांत कठीण महिना पाहावा.

शिवाय चाऱ्याची टंचाई, संसर्ग, जागेवरून होणारी भांडणं ही गर्दी वाढेल तशी तीव्र होतात. वणवा, पूर किंवा कडाक्याची थंडी गर्दी पाहून येत नाही. संख्येला लगाम घालतात ते पहिल्या प्रकारचे घटक. दुसरे नुसता धक्का देऊन जातात.

प्रश्न : भक्षक नसतील तर संख्या धारणक्षमतेपाशी (ती जागा जितके प्राणी पोसू शकते त्या संख्येपाशी) येऊन आपोआप स्थिरावते ना?

आलेखात स्थिरावते. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर 1944 मध्ये 29 रेनडिअर सोडले. तिथे त्यांना खाणारं कोणी नव्हतं. 1957 मध्ये ते सुमारे 1,350 झाले आणि 1963 मध्ये सुमारे 6,000. त्यानंतरच्या कडक हिवाळ्यात कळप कोसळला. 1966 च्या पाहणीत 42 उरले होते, त्यांत नर एकच. थंडीचं निमित्त झालं, पण मुळात हिवाळ्यातला मुख्य चारा, म्हणजे दगडफूल, आधीच संपत आलं होतं. दगडफूल पुन्हा वाढायला दशकं लागतात, त्यामुळे प्राण्यांनी व्याज संपवून मुद्दलालाच हात घातला होता. इशारा मात्र आधीच मिळाला होता : 1957 ते 1963 या काळात प्रौढ माद्यांचं सरासरी वजन 38 टक्क्यांनी घटलं होतं. संख्या वाढत असतानाच वजन उतरू लागलं, तर त्या वाढीवर विश्वास ठेवू नये.

प्रश्न : आमच्या गटाला जंगलात कृत्रिम पाणवठे करायचे आहेत. त्याने तृणभक्षी वाढतील?

खरोखर पाणीच कमी असेल, तर वाढतील. पण कोणते, हे आधी विचारा. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात उत्तरेकडच्या कोरड्या भागात पाणवठे केल्यावर रोजच्या पाण्याशिवाय न टिकणारे झेब्रे तिथे येऊन राहिले. त्यांच्यामागे सिंह आले. त्या भागातला दुर्मीळ रोअन हरीण 1986 मध्ये सुमारे 450 होता, तो 1993 पर्यंत 45 च्या आसपास आला. त्यात दुष्काळाचाही हात होता. पुढे काही पाणवठे बंद केल्यावर झेब्रे कमी झाले, पण रोअन सावरले नाहीत.

दुसरं म्हणजे, पाणवठ्याभोवतीचं गवत आधी संपतं. चारा पुरेसा नसताना पाणी दिलं, तर जनावर तहानेऐवजी भुकेने मरतं, एवढाच फरक. आधी कोरड्या महिन्यातल्या चाऱ्याचा अंदाज घ्या, पाण्याचा विचार नंतर.

प्रश्न : शिकार झालेलं हरीण सापडलं, तर भक्षकांमुळे संख्या अडते असं म्हणता येईल का?

नाही. ते हरीण नाहीतरी मरणारच होतं का, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी मांडीच्या हाडातली मज्जा पाहतात. उपासमारीत शरीर आधी पाठीवरची चरबी वापरतं, मग मूत्रपिंडांभोवतीची आणि अगदी शेवटी मज्जेतली. मज्जा पांढरी आणि घट्ट असेल, तर ते जनावर उपासमारीच्या शेवटच्या टप्प्याला गेलेलं नव्हतं. ते धडधाकट होतंच, असं मात्र यावरून ठरत नाही. लालसर, पारदर्शक, जेलीसारखी थलथलीत असेल, तर ते भुकेने संपत आलं होतं आणि भक्षकाने शेवटचा धक्का दिला. लहान पाडसांना ही कसोटी लावू नका, त्यांची मज्जा रक्तनिर्मितीमुळे मुळातच लाल असते.

एकाच हाडावर निष्कर्ष काढू नये; पुष्कळ हाडं लागतात. आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून रक्त आलेलं मढं उघडायचं नाहीच : काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकतो. हे काम परवानगी असलेल्या माणसांनी हातमोजे घालूनच करावं.

मढ्याला हात न लावताही बरंच कळतं. झाडाझुडपांचा पाला हरणाचं तोंड पोहोचेल तिथवर सपाट रेषेत ओरबाडलेला असेल, तर चारा कमी पडतोय. माद्या गाभण राहतात, पण पाडसं वर्षभरात दिसेनाशी होतात, तर भक्षक किंवा रोगाचा संशय घ्यावा. माद्या गाभणच राहत नसतील, तर पोषण तपासा.

अनेकदा चारा आणि भक्षक ही दोन्ही कारणं एकत्र असतात. कॅनडातल्या युकॉनमध्ये हिमससे ठेवलेल्या एक चौरस किलोमीटरच्या तुकड्यांवर मोठा प्रयोग झाला. जादा खाद्य दिल्यावर सशांची घनता सुमारे तिप्पट झाली, भक्षकांना कुंपणाने अडवल्यावर दुप्पट, आणि दोन्ही एकदम केल्यावर अकरापट.

प्रश्न : चारा, पाणी, संरक्षण सगळं असूनही एखादी अगदी छोटी संख्या का वाढत नाही?

जोडीदार सापडत नाहीत, किंवा सापडतात ते नात्यातले. अमेरिकेतल्या फ्लोरिडातले प्यूमा (मार्जारकुळातला मोठा शिकारी प्राणी) 20-30 वर आले, तेव्हा त्यांच्यात शेपटीला बाक, हृदयाचे दोष आणि वृषण खाली न उतरणं असे दोष दिसू लागले. 1995 मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्यावर पिल्लं सुदृढ होऊ लागली आणि संख्या कित्येक पटींनी वाढली. आता तिथे मृत्यूचं मोठं कारण रस्त्यावरची वाहनं आहेत.