जहाजाच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, लाकडी बाईचं चित्र फोटो न काढता जलरंगात का रंगवलं? आणि तिची मान अशी वर का?

चित्रात मागे कोरा कागद आणि मधोमध फक्त पुतळी असेल, तर ते चित्र बहुधा ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’मधलं आहे. मंदीच्या काळात बेकार चित्रकारांना अमेरिकन सरकारने पगार देऊन जुन्या वस्तू रंगवायला बसवलं. खेळणी, गोधड्या, दुकानांच्या पाट्या आणि जहाजांच्या या बायका. १९३५ ते १९४२ मध्ये सुमारे १८,००० चित्रं झाली. आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत.

रंगीत फिल्म तेव्हा नुकती कुठे आली होती. महाग, आणि तिचे रंग किती वर्षं टिकतील याचा भरवसा नाही. पण हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं मला अशाच एका चित्राची नक्कल करताना कळलं.

पहिल्या खेपेला मी सरळ बाई रंगवली. गालांवर लाली, ओठ ओले. घरच्यांनी वाहवा केली, पण लाकूड कुठेच नव्हतं! मूळ चित्र मोठं करून पाहिलं, तर कपाळापासून गालावर उतरलेली एक भेग. तिची एक कड उजळ, दुसरी काळपट. नाकाच्या शेंड्यावरचा पोपडा उडालेला, आणि तिथे खालच्या जुन्या रंगाचा थर डोकावतोय. उजेडाच्या जागी पांढरा रंग लावलेलाच नाही, कागद तसाच सोडलाय. म्हणजे चित्रकाराने बाई नव्हे, पाइनच्या ओंडक्यावर कुणीतरी कोरलेली आणि पुन्हा पुन्हा रंगवलेली वस्तू रंगवली होती. फोटोत अशी भेग सावलीत बुडू शकते. हातात कुंचला असला की काय दिसायला हवं ते आपण ठरवतो.

दुसऱ्या खेपेला मी भेगेपासून सुरुवात केली. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात जरासा अल्ट्रामरीन निळा, बारीक कुंचला आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत गप्प बसणं. (मला हे शेवटचं कधीच जमत नाही.)

राहिली मान. ही पुतळी जहाजावर पुढे झुकलेली असे, त्यामुळे समोर बघायचं तर हनुवटी उचलूनच कोरावी लागे. संग्रहालयात तीच उभी केली की आढ्याकडे बघत बसते.

सगळ्याच जहाजांवर बायका नसत बरं का. आपल्या मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. त्याच्या नाळेवर फेटेवाला पुरुष आहे.