डोळ्याची आकृती काढताना

प्रिय मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे दृष्टितपासणीच्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या सत्रात काढलेली तुझी डोळ्याची आकृती मिळाली. नावे सगळी अचूक आहेत. मात्र नेत्रभिंगापुढे लिहिलेली ‘प्रकाश एकत्र आणणारा मुख्य भाग’ ही ओळ खोडून टाक. डोळ्याच्या सुमारे 60 डायॉप्टर (प्रकाश वळवण्याच्या शक्तीचे एकक) शक्तीपैकी 40 हून अधिक एकट्या पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, असते, कारण हवेतून आलेला प्रकाश सर्वाधिक वळतो तो तिथेच. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सारे अंधुक दिसते, कारण पाणी आणि पारपटल यांच्या वक्रीभवनांकांत, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या गुणात, फारसा फरक नसतो. पोहण्याचा चष्मा लावून मध्ये हवेचा थर आणला की पुन्हा स्पष्ट दिसू लागते.

म्हणून प्रत्येक भागाचे कार्य पाठ करण्यापेक्षा तो भाग नसला तर काय अडते, ते लिहीत जा. पूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग काढले की सुमारे +10 डायॉप्टरचा जाड चष्मा लागे, आणि तो लावूनही नजर एकाच अंतरावर जुळलेली राही. नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनला कृत्रिम भिंग बसविले, त्या वाटेने पुढे चष्म्याची जाडी गेली, पण जवळ-दूर जुळवून घेण्याची क्षमता परत आली नाही. ती निसर्गदत्त भिंगाच्या लवचिकतेत आहे. जवळचे पाहताना भिंगाभोवतीचा सिलियरी स्नायू आकुंचन पावतो, त्यामुळे भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होते. परीक्षेत निम्मे विद्यार्थी हे नेमके उलटे लिहितात.

परितारिकेवर, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर, फार वेळ घालवू नकोस. तो दृष्टिपटलासाठी, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाशग्राही पडद्यासाठी, राखून ठेव. तेथे मंद प्रकाशात दिसण्यासाठी सुमारे 12 कोटी दंडपेशी आणि रंग व बारकाव्यांसाठी 60 लाख शंकूपेशी असताना नेत्रचेतेत, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत, तंतू असतात जेमतेम 10 ते 12 लाख. अर्थात दृश्याची निवड मेंदूपूर्वी डोळ्यातच सुरू होते. पीतबिंदूच्या, म्हणजे दृष्टिपटलावरील सर्वांत स्पष्ट दृष्टीच्या जागेच्या, मध्याशी मात्र प्रत्येक शंकूपेशीला जवळजवळ स्वतंत्र वाट मिळते, म्हणून बारीक अक्षर तिथेच वाचता येते. पण दंडपेशी नसल्यामुळे काळोखात तोच भाग कुचकामी ठरतो. हिवाळ्याच्या रात्री कृत्तिकांकडे थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवून पाहा, अधिक तारे मोजता येतील.

पुढच्या पत्रासोबत नेत्रजलाचा (अश्रूंचा नव्हे, डोळ्याच्या आतील द्रवाचा) मार्ग काढून पाठव: भिंगामागून नव्हे, तर पुढून, बाहुलीतून, परितारिका आणि पारपटल यांच्यामधील कोनापर्यंत. तो कोन अडला तर काय होईल, हे आधी स्वतः लिही आणि मगच काचबिंदूचे प्रकरण उघड.

तुझा शुभचिंतक