हलती शिल्पं करायची म्हणतो, मेकॅनिकलला घालू का?

प्रश्न : आमचे इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. मुलगा अकरावी सायन्सला आहे. लेझर कटिंग, थ्रीडी प्रिंटिंग करून बनवलेल्या हलत्या शिल्पांचे व्हिडिओ तासन्‌तास बघतो आणि ‘मला हेच करायचंय’ म्हणतो. आता ॲनिमेशनचा महागडा कोर्स आणि घरी थ्रीडी प्रिंटर मागतोय. यात पोट भरेल का? त्यापेक्षा मेकॅनिकल बरं नाही का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. कोर्सला सरळ नाही म्हणा. ॲनिमेशनच्या क्लासात बहुतेक ठिकाणी पडद्यावरची हालचाल शिकवतात, आणि पडद्यावर गिअर झिजत नाही की शाफ्ट वाकत नाही. प्रिंटरही वर्षभर थांबू दे.

त्यानं अमेरिकी शिल्पकार जॉन एडमार्क यांची ‘ब्लूम’ शिल्पं पाहिली असतील. थ्रीडी प्रिंट केलेलं शिल्प गरगर फिरतं आणि स्ट्रोबच्या, म्हणजे भराभर उघडझाप होणाऱ्या दिव्याच्या उजेडात त्याच्या पाकळ्या उमलत जाताना दिसतात. खरं तर एकही पाकळी जागची हलत नाही. एका पाकळीपासून पुढची १३७.५ अंशांवर असते. शिल्प मिनिटाला ५५० फेरे घेतं, उजेड सेकंदाला २४ वेळा चमकतो, म्हणजे दोन चमकांमध्ये ते एक फेरा पूर्ण न करता नेमकं १३७.५ अंश वळतं. हा हिशेब मुलाला कागदावर मांडायला सांगा. व्हिडिओ बघणं सोडून त्यात रमला, तर पुढचं बोलू.

पोटाचं म्हणाल तर निव्वळ स्वतःची शिल्पं विकून जगणारे जगातही थोडे. म्युनिकच्या बीएमडब्ल्यू संग्रहालयात २००८ पासून ७१४ धातूचे गोळे तारांवर खालीवर होत मोटारीचा आकार घेतात, प्रत्येकाला स्वतंत्र स्टेपर मोटर, म्हणजे मोजून टप्प्याटप्प्यानं फिरणारी मोटर. ते काम बर्लिनच्या आर्ट+कॉम या स्टुडिओचं. अशा कामाला डिझायनर लागतो, प्रोग्रॅमर लागतो आणि यंत्र जाणणारा माणूसही लागतो. आपल्याकडे याच जातीचं काम संग्रहालयं, विज्ञान केंद्रं, प्रदर्शनं, दुकानांची सजावट यांत सापडतं. गणेशोत्सवातले हलते देखावेही त्यातलेच, पण त्यांचा पैसा हंगामी.

म्हणून मेकॅनिकल वाईट नाही. पण त्याच्याआधी डिझाइनचा रस्ता तपासून बघा. डिझाइनच्या पदवीसाठी दोन प्रवेश परीक्षा आहेत: आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, म्हणजे एनआयडीची डॅट. दोन्हींचे फॉर्म बारावीच्या बोर्डाच्या किती तरी आधी भरावे लागतात आणि पालकांची गाडी नेमकी तिथेच चुकते. चित्रकलेचा हात रोज चालला पाहिजे. कॉलेज निवडताना मात्र वर्कशॉप मुलांना संध्याकाळी उघडं असतं का, हे तिथल्याच मुलांना विचारा. माहितीपत्रकावर मी विश्वास ठेवत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर निघालेल्या पहिल्या काही लॅबपैकी ती एक. सुट्टीत एकदा घेऊन जा. लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर तिथे हाताळायला मिळतात का, ते आधी विचारून जा.

आणि तुमच्या शेडमध्ये जे आहे ते तर शहरातल्या मुलाला मिळत नाही. मागावरचा टॅपेट म्हणजे कॅमच, फिरता फिरता दुसऱ्या भागाला उचलणारी वेड्यावाकड्या कडेची चकती. तो फिरतो आणि ताण्याचे धागे धरणाऱ्या वया खालीवर होतात. हलत्या शिल्पाचं पोटही बहुतेक वेळा असंच असतं. मे महिन्यात त्याला माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या हाताखाली द्या, मालकाचा मुलगा म्हणून नव्हे. मग त्यानं एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचा एक कॅम आणि त्यावर हलणारा एक पक्षी करावा. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर आराखडा काढून गावातल्या दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्याकडे लेझरवर कापून घ्यावा. लेझर स्वतःच्या वाटेत थोडं लाकूड जाळतो, त्यामुळे पहिले सांधे ढिले बसतील. माप बदलून पुन्हा कापू दे, खर्च प्रिंटरच्या मानानं किरकोळ.

तो पक्षी सलग आठ तास न अडकता चालला, की प्रिंटरचं बघा. अडकला आणि तरी मुलगा जेवायला न उठता स्क्रू खोलत बसला, तर दिवाळीपर्यंतही थांबू नका.