‘होती’ म्हणजे हॅडच ना?

प्रश्न: मी हिंजवडीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, शाळा मराठी मिडियमची. मेलमध्ये मी ‘आय हॅड सेंट द फाईल यस्टरडे’ लिहिते आणि आमच्या मॅडम दर वेळी त्यातलं हॅड काढून टाकतात. मी काल फाईल पाठवली होती, मग होती म्हणजे हॅडच ना? नक्की कधी वापरायचं ते? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, मॅडमचं बरोबर आहे, पण मराठीत विचार करून इंग्लिश लिहिणाऱ्या बहुतेकांचं इथंच अडतं. आपण ‘होतो’ किती सहज लावतो बघा, काल लक्ष्मी रोडला गेलो होतो, परवा मिसळ खाल्ली होती, म्हणजे गोष्ट होऊन गेली एवढंच सांगायचं असतं, त्याला दुसऱ्या घटनेची गरज नसते. इंग्लिशमधल्या हॅडला ती लागतेच. भूतकाळातला एक क्षण डोळ्यासमोर हवा आणि त्याच्याही अगोदर काय झालेलं ते सांगायला हॅड.

आता डेक्कन क्वीन घ्या, पुण्याहून सकाळी ७.१५ला सुटते. ‘व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे तुम्ही पोचलात तेव्हा प्लॅटफॉर्म रिकामा. तेच नुसतं ‘द ट्रेन लेफ्ट’ म्हटलं की तुम्ही पोचलात आणि मग गाडी हलली, पळत जाऊन कदाचित डबा पकडताही आला असता! एवढा फरक पडतो म्हणून हे नीट शिकण्यासारखं आहे.

अजून एक गैरसमज म्हणजे गोष्ट जुनी असली की हॅड. तसं अजिबात नाही. पानशेत १९६१ला फुटलं होतं असं आपण म्हणतो, इंग्लिशमध्ये मात्र ‘द पानशेत डॅम बर्स्ट इन १९६१’, किती वर्षं झाली याचा संबंधच नाही. पण ‘व्हेन द डॅम बर्स्ट, दे हॅड नॉट फिनिश्ड बिल्डिंग इट’ इथे हॅड पाहिजे, कारण फुटण्याच्या क्षणापर्यंत काम पूर्ण झालेलं नव्हतं.

आपल्यापुरती एक युक्ती सांगते, मराठी वाक्यात ‘तेव्हा आधीच’ घालून बघा, बसलं तर बहुतेक वेळा हॅड चालतो. बिफोर किंवा आफ्टर असेल तर क्रम तसाही कळतो, मग हॅड नाही लावला तरी चालतं. उठले, चहा घेतला, बस पकडली असं ओळीने सांगताना तर नकोच. ‘इफ आय हॅड नोन’ हे जरतरचं प्रकरण वेगळं, ते यात मिसळू नका.

तर तुमच्या मेलमध्ये ‘आय सेंट द फाईल यस्टरडे’. हॅड काढलं म्हणून तिथे हॅव घालू नका हं, यस्टरडे असताना तेही चुकतं. आणि कोणी विचारलं की फोन केला तेव्हा फाईल गेली होती का, तर बिनधास्त लिहा, ‘व्हेन यू कॉल्ड, आय हॅड ऑलरेडी सेंट इट’.