दिवस मावळल्यावर दिंडोरीत थांबावं का?

प्रश्न: मागच्या जानेवारीत आम्ही दिंडोरीजवळ द्राक्षबागांच्या भागात एक रात्र राहिलो. गच्चीवरून सूर्यास्त पाहिला, पण लगेच इतकं गार झालं की सगळे खोलीत गेलो. पहाटे चारला जाग आली तेव्हा दूर बागांमध्ये जाळ दिसत होते. ते कशाचे? आणि अंधार पडल्यावर बाहेर बघण्यासारखं काही असतं का? यंदा सासूबाईही बरोबर आहेत.
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, सूर्य बुडाल्याबरोबर तुम्ही आत गेलात याची मला खरंच हळहळ वाटली. आमच्याकडची संध्याकाळ सुरूच तिथून होते.

जानेवारीच्या मध्याला इथे सव्वासहाच्या आसपास दिवस मावळतो. मावळतीकडे तोंड केलं की डाव्या हाताला रामशेज दिसतो. औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं दाद न देणारा तो किल्ला त्या वेळी काळा ठिपका होऊन बसलेला असतो. सूर्य गेला की मावळतीकडे पाठ करा आणि पूर्वेकडे बघा. क्षितिजावर निळसर राखाडी पट्टा वर चढताना दिसेल, त्याच्यावर गुलाबी कड. ती आपल्या पृथ्वीचीच सावली. फार वेळ टिकत नाही, कारण आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. पंचवीसेक मिनिटांत दिव्याशिवाय वाट दिसत नाही. डोक्यावर कृत्तिका, पूर्वेला मृगाचे तीन तारे. तोवर रस्त्यानं पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या पिकअप निघून गेलेल्या असतात, आणि जे बागेतच मुक्कामाला असतात त्यांच्या चुलीवर नागलीची भाकरी पडलेली असते.

आता गारठ्याचं. आमची बाग उतारावर आहे. वरच्या अंगाला दोन एकर शिराझ, म्हणजे वाइनची द्राक्षं, वायनरीशी करार केलेली. खाली ओहोळाच्या बाजूला तीन एकर थॉमसन, खायची द्राक्षं. (पूर्वी एकरभर शेनिन ब्लाँही होती, तीही वाइनचीच. २००९च्या मंदीत करार केलेल्या वायनरीनं माल उचलला नाही, घड वेलीवरच सुकले, आणि आम्ही ती बाग मुळासकट काढली. तो प्लॉट अजून मी शेनिनचाच म्हणते.) दोन्हीकडे बांबूला थर्मामीटर टांगलेत. निरभ्र रात्री खालचा दोन-तीन अंश कमीच दाखवतो. पावसाळ्यानंतर हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवसभर तापलेली जमीन अंधार पडताच ऊब सोडून देते. गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराला लागते आणि ओहोळात साचते. सातच्या सुमाराला वरून खाली चालत या. आधी घोट्यांना गार लागतं, मग गुडघ्यांना, आणि शेवटच्या ओळीपाशी आलं की अंगभर.

हाच गारठा वरच्या बागेला हवा असतो आणि खालच्या बागेला नको असतो. वेल रात्रीही श्वास घेतो आणि त्यात मण्यातलं आम्ल खर्च होतं. रात्र उबदार असली तर जास्त, गार असली तर कमी. वाइनच्या द्राक्षात साखर भरताना आंबटपणाही टिकावा लागतो, नाहीतर वाइन मिळमिळीत होते. दिवसाचं ऊन साखर भरतं, रात्रीची थंडी आंबटपणा सांभाळते. नाशिककडे वाइन जमली त्यात या थंड रात्रींचा मोठा वाटा आहे, हे मी दोन एकर शिराझ सांभाळूनच सांगते. तोडणीही पहाटेच, ऊन चढायच्या आत, म्हणजे घड क्रेटमध्ये गारच पडतो.

थॉमसनचं उलटं. दिवसरात्रीच्या तापमानात फार फरक पडला की हिरव्या मण्यावर गुलाबी झाक येते. आम्ही त्याला पिंक बेरी म्हणतो. खायला गोडच असतो तो मणी, पण व्यापारी नुसता बघून भाव पाडतो. म्हणून डिसेंबरपासून एकेक घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचा. बायका दिवसभर तेच करतात. संध्याकाळी शाईनं बोटं काळी झालेली असतात.

आणि पारा चार-पाच अंशांकडे निघाला की मग तुम्ही पाहिलेल्या शेकोट्या. निफाडच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा तापमानाचा आकडा आदल्या दिवशी खाली आला की आम्ही संध्याकाळीच वाळक्या काड्या, गोवऱ्या आणि ओला पाला बांधावर आणून ठेवतो. पहाटे तीनला पेटवायचं. मोठा जाळ नको, धूर हवा. तो बागेवर पांघरुणासारखा राहतो. पंपाला लागणारी थ्री फेज लाइट असेल तर विहिरीचं पाणीही सोडतो, ते त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं, हात घातला की बरं वाटतं. शिराझ तोडणीला आली असेल तेव्हा मात्र जीव टांगणीला लागतो, कारण पिकलेल्या मण्याला धुराचा वास धरतो. पण रात्री हवा उतारालाच वाहत असते, म्हणून खालचा धूर सहसा खालीच राहतो. आम्ही आधी एक काडी पेटवून धूर कुठे जातो ते बघतो आणि मगच बाकीच्या शेकोट्या लावतो.

तेव्हा यंदा सहा वाजताच बाहेर या, आठपर्यंत थांबा. सासूबाईंना खुर्ची द्या, कानाला मफलर आणि पायांत मोजे हवेतच; एकट्या शालीनं भागत नाही. बसायला उताराच्या वरची बाजू धरा. जवळ ऊस असेल तर बांधावरून फिरू नका, बिबट्या असतो, मुलांना तर हाताला धरूनच ठेवा. कुणाच्या बागेत शिरायचं तर आधी हाक मारा. पहाटे शेकोटीपाशी कुणी बसलेलं दिसलं तर खुशाल जा, चहा मिळेल.