दुरुस्त होऊन आलेले सुटे भाग साठ्यात कोणत्या किमतीला घ्यावेत?

आपले मेंटेनन्सवाले म्हणतात तसे नव्याच्या किमतीला घेणे बरोबर आहे का, असे आपण विचारले आहे. बरोबर नाही. हाच वाद मी एका सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागात असताना आमच्या चीफ इंजिनिअर साहेबांशी घातला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाळप हंगाम संपला की जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंडिंगला, म्हणजे आतली तारेची गुंडाळी नव्याने भरून घ्यायला, जात. अशाच भरून आलेल्या चार मोटारी, ज्यांच्या वार्निशचा वासही अजून गेला नव्हता, भांडारात तीन कोऱ्या मोटारींच्या शेजारी, एकाच बिन कार्डावर (भांडारातल्या नगांची आवक-जावक नोंदवणारे कार्ड) आणि एकाच मटेरियल कोडखाली (वस्तूचा ओळख क्रमांक) जमा झाल्या. नवी मोटार 60,000 रुपयांची आणि रिवाइंडिंग 14,000 रुपयांचे, असे गोल आकडे धरा. चारही नव्याच्या किमतीला घेतल्यामुळे सुटे भाग वापर खात्याला 2,40,000 रुपये जमा झाले, रिवाइंडिंगचे 56,000 वजा जाता 1,84,000 रुपयांचा नफा काहीही न विकता दिसू लागला आणि ऑफ-सीझनचा दुरुस्ती खर्च अलगद अंदाजपत्रकात बसला. मोटार नव्यासारखीच चालते, हा साहेबांचा मुद्दा. पण वारंवार भरलेली मोटार गरम होते आणि वीजही जास्त खाते, हे त्यांनीच एरवी सांगितलेले होते.

याउलट, दुरुस्त नगाला शून्य किंमत धरणेही त्याच कोडखाली तितकेच घातक ठरते. सात नगांवर तीन कोऱ्या मोटारींचे 1,80,000 रुपये विभागले की सरासरी 25,700 च्या आसपास येते आणि कोरी मोटारही त्याच भावाने इश्यू होते, म्हणजे भांडारातून वापरासाठी दिली जाते.

म्हणून नवा, दुरुस्त आणि नादुरुस्त यांचे मूल्यांकन आधी वेगळे करा. सॅप या संगणक प्रणालीतले स्प्लिट व्हॅल्युएशन, म्हणजे एकाच कोडखाली वेगवेगळ्या किमती ठेवण्याची सोय, त्यासाठीच आहे; टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळे स्टॉक आयटम उघडावेत. पहिल्या इश्यूलाच भाग खर्ची पडलेला असल्याने नादुरुस्त नग शून्याने, फार तर भंगाराच्या भावाने परत घ्यावा, त्यावर दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च चढवावा, आणि ही बेरीज त्या भागातून वसूल होऊ शकणाऱ्या मूल्याच्या वर जात असेल तर वरची रक्कम खर्ची टाकावी. सरसकट ‘नव्याच्या निम्मे’ धरण्याला सोयीपलीकडे कसलाही आधार नाही.

अर्थात, हे फक्त साठ्यात मोडणाऱ्या भागांपुरते आहे. मालमत्तेच्या व्याख्येत बसणारा, एका वर्षाहून अधिक काळ वापरायचा भाग इंड एएस 16 किंवा सुधारित एएस 10 या लेखा मानकांनुसार स्थिर मालमत्तेत जातो आणि त्याची नेहमीची दुरुस्ती थेट नफा-तोटा पत्रकात खर्ची पडते. आपला भाग कोणत्या गटातला, हे प्रश्नावरून कळत नाही; ते आधी ठरवून घ्या. त्यासाठी मेंटेनन्सवाल्यांना भागाचे उरलेले आयुष्य जरूर विचारा, किंमत मात्र विचारू नका. दुरुस्तीमुळे वाचलेल्या खरेदीचे श्रेय त्यांना हवेच असेल, तर ते मासिक एमआयएसमध्ये (व्यवस्थापनासाठीच्या अंतर्गत अहवालात) वेगळ्या तक्त्यात देता येते. आमच्या साहेबांनाही मी तेच सुचवले होते, पण त्यांना ते ताळेबंदातच हवे होते.